अजून तयार नाही

जोएल कार्वोनेन आमच्या आइस हॉकीच्या टीममध्ये आला तेव्हा वीस वर्षांचा होता, आणि बर्फावर उलटं स्केटिंग करायला लागलं की त्याचं तोंड आंबट व्हायचं. बचाव फळीतल्या खेळाडूचं निम्मं आयुष्य तसंच जातं, समोरच्याकडं तोंड आणि स्वतःच्या गोलकडं पाठ. पण ज्युनियरमध्ये त्याला कुणी ते करायला लावलंच नव्हतं. चकती मिळाली की घेऊन सुटायचं, वाटेतल्या सगळ्यांना चकवायचं आणि गोल करून यायचं. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. अठराव्या वर्षी वरच्या क्लबनं त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच फेरीत घेतलं होतं. त्यामुळं डॅनफर्डला येताना तो एक लहानशी बॅग घेऊन आला.

"थंडीचा कोट कुठंय?" मी विचारलं.

"थंडी पडेपर्यंत मी वर असेन."

"बरं. मीसुद्धा आलो तेव्हा असंच म्हटलं होतं. अकरा वर्षं झाली."

डॅनफर्ड हे मेन राज्यातलं कागदगिरणीचं गाव. गिरणी बंद पडली, बर्फाची रिंक राहिली. आमची मिलर्स ही वरच्या क्लबची खालची टीम. वरचा क्लब चार तासांवरच्या मोठ्या शहरात. तिथं कुणी जखमी झालं किंवा कुणाचा खेळ उतरला की फोन येतो आणि आमच्यातला एक जण बॅग उचलून जातो. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये 'वर' या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. मी गार्नेट प्रूडन, टीमचा कप्तान, तेव्हा तेहतीस वर्षांचा. आता मला वरचं बोलावणं आलं तर ते देवाकडूनच, असं मी स्वतःच म्हणायचो, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणायची संधी मिळायची नाही.

आमचे कोच ल्युसिअन थिबो त्याच गावचे. वडील गिरणीत, आजोबा गिरणीत. बोलायला कमी, आणि बोलले तरी आवाज वर नाही. त्यांनी पहिल्या आठवड्यात जोएलचा खेळ दोनदा बघितला आणि मला म्हणाले, "हा पोरगा सोनं आहे. पण याला सावकाश शिजवायला हवा. तुझ्या जोडीला देतो."

म्हणजे जोएल माझ्या शेजारी, बचावाच्या जोडीत. कोच त्याला अवघड वेळी बर्फावर पाठवायचे. आमचा एखादा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसला की उरलेल्यांनी किल्ला लढवायचा असतो, तिथं जोएल. शेवटची मिनिटं, एका गोलची आघाडी, तिथंही जोएल. त्यात आम्ही सामने घालवले. दर काही सामन्यांनी कोच त्याला खेळवायचेच नाहीत. कोट-टाय घालून प्रेक्षकांच्या वरच्या रांगेत बसवायचे आणि समोरच्या टीमचा एकच बचावपटू सामनाभर बघायला सांगायचे. चकतीकडं बघायचं नाही, फक्त त्या माणसाकडं.

"काय दिसलं?" बसमध्ये कोच विचारायचे.

"काही नाही. तो नुसता उभा होता."

"कुठं उभा होता ते सांग."

जोएल माझ्या शेजारी येऊन धपकन बसायचा. "म्हाताऱ्या, हा माणूस मला हॉकी शिकवतोय की चौकीदारी?"

"दोन्हीत फारसा फरक नाही," मी म्हणायचो.

त्याचा एक मित्र होता, टेट सॉर्ली. दोघं ज्युनियरला एकाच टीममध्ये, एकाच वर्षी निवडले गेले. टेट दुसऱ्या क्लबकडं गेला आणि त्या क्लबनं त्याला सरळ वर घेतलं, अठराव्या वर्षी. बसमध्ये जोएल फोनवर टेटचे गोल बघत असायचा. मत्सर म्हणावा तर तसा नव्हता, प्रत्येक गोलनंतर तो त्याला निरोप पाठवायचा. पण मग फोन उलटा करून मांडीवर ठेवायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा.

त्याचं पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षी तो बराच सुधारला होता. उलटं स्केटिंग करताना आता त्याचं तोंड आंबट होत नसे. फेब्रुवारीत वरच्या क्लबचे बचावातले दोघं एकाच सामन्यात जखमी झाले, आणि सकाळच्या सरावानंतर कोचनी जोएलला आणि मला आपल्या खोलीत बोलावलं.

"बस," ते म्हणाले. जोएल उभाच राहिला. त्याला काय वाटलं असेल ते त्याच्या कानाच्या पाळ्यांवरूनसुद्धा कळत होतं, लालबुंद झाल्या होत्या.

"वरून फोन होता. तुझ्याबद्दल विचारत होते, तयार आहे का म्हणून. मी नाही म्हटलं. गार्नेट जातोय."

खोलीत गरम पाण्याचा नळ खडखडत होता. मी जमिनीकडं बघत होतो. दोघांना एकत्र का बोलावलं हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर लक्षात आलं, जोएलला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, आणि त्याच्या पाठीमागं मी काही केलं असा संशयही राहू नये.

"तुम्ही नाही म्हटलं?" जोएल म्हणाला.

"मी. वरच्यांनीच ठरवलं असं सांगून मला मोकळं होता आलं असतं. पण त्यांनी विचारलं मला, आणि नाही म्हणालो मी."

"टेटला कुणी विचारलं होतं का, तयार आहे का म्हणून?"

"टेटचं मला माहीत नाही. त्याला मी शिकवलेलं नाही."

"मग माझं काय चुकतंय ते तरी सांगा."

"डाव्या खांद्यामागून माणूस आला की तुला कळत नाही. इथं ते खपून जातं, समोरचा तेवढा चपळ नसतो. वर एकदा झालं की गोल, दोनदा झालं की तुला बाकावर बसवतील. मग तू भीत भीत खेळशील. एकदा भ्यालेल्या पोराला परत सरळ करणं मला जमलेलं नाही. प्रयत्न केलाय मी."

जोएल शेवटी खुर्चीत बसला. मग म्हणाला, "माझ्या बाबाची नजर चाललीय."

हे मलाही माहीत नव्हतं. बसमध्ये शेजारी बसून मैलोगणती प्रवास केला होता आम्ही.

"डोळ्याच्या पडद्याचा रोग आहे," तो म्हणाला. "समोरचं, मधलं सगळं पुसट झालंय. कडेनं थोडं दिसतं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तेही राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. मी चार वर्षांचा असल्यापासून मला रिंकवर नेतोय तो. मला वर खेळताना बघायचं, एवढंच म्हणतो."

कोचनी टेबलावरचे हात मांडीवर घेतले. "हे आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर हो म्हटलं असतंत?"

कोचनी खरोखर विचार केला. उगाच विचार केल्यासारखं दाखवलं नाही.

"नाही," ते म्हणाले.

जोएल दार न आपटता निघून गेला. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "ल्युसिअन, एक सामना. माझ्या जागी एकच सामना जाऊ दे त्याला."

"एका सामन्यासाठी कुणी बोलावत नाही, गार्नेट. आणि बोलावलंच, तर तो एक सामना वरचे लोक पुढं वर्षभर बघत बसतील. त्याच्या बाबाला दिसेल ते त्यांनाही दिसेल ना?"

मी बॅग भरली आणि गेलो. वर थोडे सामने खेळलो, कुणाच्या लक्षात राहावं असं काही केलं नाही, त्यांचा जखमी माणूस बरा झाला आणि मी परत आलो. परतल्यावर पहिल्याच सकाळी रिंकमध्ये खेळाडूंच्या बाकावर एक उंच, वाकलेल्या खांद्यांचा माणूस बसलेला दिसला. अंगात कामावरचं जाड जाकीट, शेजारी मिठाईचा खोका. गुलाबी आयसिंग लावलेले गोड पाव, कॅनडातल्या त्यांच्या थंडर बे गावात सगळे खातात ते. अख्ख्या टीमसाठी आणले होते.

हा राइमो कार्वोनेन, जोएलचा बाप. धान्याच्या कोठारावर काम करायचा; नजर अधू झाल्यापासून मालकांनी त्याला शिडीवर चढू देणं बंद केलं होतं. कोचनी त्याला स्वतः फोन करून बोलावून घेतलं होतं आणि तो राहात होता कोचच्या घरीच, त्यांची बायको पॉलीन हिच्या शिवणाच्या खोलीत. जोएलनं बापाला आपल्या फ्लॅटवर ये म्हटलं, तर राइमो म्हणाला, "तुमच्या फ्लॅटवर चार पोरं आणि एक टॉवेल आहे. मी इथंच बरा."

सरावाच्या वेळी तो बाकाच्या टोकाला, काचेला लागून उभा राहायचा. पहिल्यांदा मला वाटलं तो मुलाकडं बघतच नाहीये, कारण त्याचं तोंड भलतीकडंच असायचं. मग कळलं की जोएल दिसावा म्हणून तो जोएलच्या हातभर बाजूला बघतो. जोएल सरकला की तोही मान वळवायचा, पण नेहमी थोडी चुकवून. माणसाशी बोलतानाही तसंच, तुमच्या कानाकडं बघून बोलायचा.

त्या दिवसांत बचावाचा सगळा सराव कोच बाकाजवळच्या अर्ध्या भागात घ्यायला लागले. एरवी आम्ही दुसऱ्या टोकाला असायचो. कशासाठी ते कुणी विचारलं नाही. जोएलला कळत होतंच. तो कोचशी 'हो' आणि 'नाही' याच्या पलीकडं बोलत नव्हता, पण सराव मन लावून करायचा. बापासमोर एकदा तो जुन्या सवयीनं चकती घेऊन सुटला, तिघांना चकवून गोल केला. राइमोनं काचेवर हात आपटले. कोच शिट्टी वाजवून म्हणाले, "परत जागेवर."

एके दिवशी राइमो मला म्हणाला, "त्याच्या जागी गेलास तो तूच ना?"

"हो."

"कसं असतं तिथं?"

"मोठं असतं. उजेड फार."

"मला तो उजेड पुरला असता," तो माझ्या कानाकडं बघत म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. हवामानाबद्दल बोलावं तसं बोलला. दोन आठवडे राहून तो घरी गेला.

त्या वर्षी आम्ही खालून दुसरे आलो. मे महिन्यात ल्युसिअनना नारळ मिळाला. वरच्या लोकांचं म्हणणं, पोरं घडवा पण तिकीट काढून येणाऱ्यांना सामनेही जिंकून दाखवा. त्यांचंही फार चुकीचं होतं असं मला म्हणता येत नाही. रिंक निम्मी रिकामी असायची. जोएल तोवर घरी गेला होता. त्यानं कोचना फोन केला नाही.

पुढच्या वर्षी माझ्या गुडघ्यानं राम म्हटला आणि मी खेळ सोडून त्याच टीममध्ये बचावाचा सहायक कोच झालो. त्यामुळं जोएलला मी रोज बाकावरून बघत होतो. काय बदललं ते सांगणं अवघड आहे. तो कमी पळायचा. सामना संपल्यावर त्याचं नाव कुणाच्या तोंडी नसायचं. पण समोरच्या टीमचे चांगले खेळाडू त्याच्या बाजूनं यायचं टाळायला लागले होते. दुसऱ्या बाजूनं जायचे, तिथं गर्दी असली तरी. जानेवारीत फोन आला तेव्हा नव्या कोचना एका शब्दात उत्तर देता आलं.

दुपारी जोएलचा मला फोन. "गार्नेट, उद्या मोकळा आहेस का?"

"तुझा सामना बघायला येतोच आहे मी."

"तसं नाही. बाबा येतोय. त्याला आता काही दिसत नाही. तू शेजारी बसून सांगशील?"

राइमोला मी शहरातल्या हॉटेलवरून घेतलं. आता त्याला बाजूला मान वळवून बघायचंही काही उरलं नव्हतं, पण सवय राहिली होती. आम्ही बसलो. तो म्हणाला, "बर्फ पांढरा आहे एवढं कळतंय. बाकीचं तू."

खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं जोएल उतरला.

"आला," मी म्हटलं.

"काय करतोय?"

"मागं सरकतोय. समोरचा चकती घेऊन येतोय त्याच्यावर. येतोय... कडेला गेला. कोपऱ्यात गेला. चकती सोडून दिली त्यानं."

"जोएलनं काय केलं?"

"काही नाही. आत येऊ दिलं नाही."

"धक्का दिला?"

"नाही. वाट नव्हती त्याला, म्हणून तोच गेला."

मी आयुष्यभर हा खेळ खेळलो, पण तो सांगायला इतका अवघड असेल असं वाटलं नव्हतं. गोल झाला तर सांगता येतो, मारामारी झाली तर सांगता येते. जोएल जे करत होता ते म्हणजे जिथं काहीतरी व्हायचं तिथं ते होऊ न देणं. मी सांगत राहिलो: उभा आहे, सरकला, स्टिक पुढं केली, गेला तो. माझंच मला ते कंटाळवाणं वाटायला लागलं. राइमो मात्र पुढं वाकून, हनुवटी खाली घालून ऐकत होता. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आत्ता बर्फावर आहे ना?"

"हो. कसं कळलं?"

"तो असला की लोक ओरडत नाहीत."

मी कान दिला. खरंच होतं. जोएल बाकावर गेला की त्याच्या टीमच्या गोलसमोर गडबड व्हायची आणि सगळी रिंक श्वास ओढून उठायची. तो परत आला की लोक बसायचे, खायला लागायचे, आपापसात बोलायचे.

तिसऱ्या सत्रात एक क्षण असा आला की मी बोलायचा थांबलो. जोएल समोरच्या माणसावर नजर ठेवून होता आणि दुसरा एक जण त्याच्या डाव्या खांद्यामागून, कडेकडेनं, पूर्ण वेगात येत होता. चकती त्याच्याकडं निघाली. ती निघायच्या आधीच जोएलनं मान किंचित वळवली, वर्षभर रोज केल्यासारखी, आणि स्टिक तिथं टेकवली. चकती तिला लागून निघून गेली.

"काय झालं?" राइमो म्हणाला. "गप्प का?"

मी त्याला सांगितलं. जमेल तसं सगळं सांगितलं, कोण कुठून आला, चकती कुठं होती, जोएलनं कधी बघितलं. तो ऐकून मागं टेकला.

"गेल्या फेब्रुवारीत आला असता तर मी हे पाहिलं असतं," तो म्हणाला.

"गेल्या फेब्रुवारीत त्याला हे जमलं नसतं, राइमो."

"मला तो कसाही चालला असता."

मी त्याच्या शेजारी बसून, जोएल बाकावर जाताना बघत राहिलो.

"ल्युसिअनच्या घरी मी हे त्याच्याशी बोललो होतो," राइमो जरा वेळानं म्हणाला. "तो म्हणाला, तुमचं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. मग त्याची बायको उठून भांडी घासायला गेली आणि आम्ही दोघं नुसते बसलो." मग म्हणाला, "सांग. आता कुठंय?"

जोएलची टीम एका गोलनं हरली. तो गोल झाला तेव्हा जोएल बर्फावर नव्हता.

नंतर आम्ही खाली बोळात थांबलो. जोएल ओल्या केसांनी, सूट घालून आला. तीन वर्षांत मी त्याला किती तरी वेळा बापाबद्दल बोलताना ऐकलं होतं, पण तो बापासमोर असा लहान झालेला कधी पाहिला नव्हता.

"बाबा, काही कळलं का?"

"हा म्हणत होता, काही झालंच नाही."

"हो," जोएल म्हणाला. "काही झालंच नाही." राइमोनं चाचपडत त्याचा कोट शोधला, कॉलर नीट केली, आणि दोघं तसेच उभे राहिले. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं बाजूला झालो.

जोएल त्यानंतर खाली आला नाही. आज तो वरच्या क्लबच्या बचावातला खांब आहे. टेट सॉर्लीचंही काही बिघडलं नाही. तो अजून वरच आहे, अजून गोल करतो, दोघं उन्हाळ्यात एकत्र मासे धरायला जातात. त्यामुळं तरुण कोच मला विचारतात, पोरांना सावकाश आणावं की लवकर, तेव्हा मी जोएलचं उदाहरण द्यायला जात नाही. देऊन काय सिद्ध होणार?

ल्युसिअन आता मेव्हण्याबरोबर लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करतात आणि शाळेच्या टीमला शिकवतात. जोएलच्या पहिल्या सामन्याला मी त्यांना चला म्हटलं होतं, ते आले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात जोएल स्वतः त्यांच्या घरी जाऊन आला. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही; पॉलीन म्हणाली, जेवून गेला, दोनदा वाढून घेतलं.

एकदा आमच्या तळघरातली भट्टी बंद पडली म्हणून ल्युसिअन आले होते. जमिनीवर पालथे पडून आत बघत होते. मी म्हटलं, "परत तोच फोन आला तर काय सांगाल?"

"कुठला?"

"तुम्हाला माहीत आहे कुठला."

"तेच सांगेन," ते म्हणाले. "त्या दिवशी तो तयार नव्हता, गार्नेट. याबाबत माझी खात्री आहे. आणि मग घरी जाऊन जेवणार नाही. त्या दिवशीही जेवलो नव्हतो. पॉलीनला वाटलं, माझं पोट बिघडलंय."

मग त्यांनी हात मागं करून पाना मागितला, आणि मी दिला.